खाली गेलेले डोळे

कल्पेशचा फोटो आला तेव्हा माझे दोन्ही हात कणकेत होते, म्हणून मी तो अंगठ्याच्या मागच्या बाजूने मोठा केला आणि तो नको तेवढा मोठा झाला. मुकुट गेला, सोंड गेली, सुपाएवढे कान गेले. पडद्यावर उरले फक्त दोन डोळे. मीच काढलेले. खाली त्याने लिहिलं होतं, 'ताई राग नका मानू, पण बाप्पा रडतोय असं वाटतंय. जरा बघा ना.' पुढे हात जोडल्याची खूण आणि एक मोदक. निधी चटईवर उताणी पडून स्वतःचा पाय तोंडात घालायच्या उद्योगात होती. कुकर नुकताच चढवला होता. खाली अंगणात आमची घरमालकीण रिटा आन्टी कुणाला तरी ओरडून सांगत होती की नारळ पाडायला माणूस येणार आहे, गाडी झाडाखाली लावू नको, मग डोक्यावर पडला तर मला बोलायचं नाही. सगळं अगदी रोजचं होतं, आणि त्या रोजच्याच्या मधोमध ते दोन डोळे खाली बघत होते. कल्पेश खोटं बोलत नव्हता. वरची पापणी अर्ध्यावर आलेली, बुबुळ खालच्या पापणीला टेकलेलं. कुणी तरी मान खाली घालून बसलंय, हाक मारली तर वर बघेल, पण वर बघेल तेव्हा डोळे भरलेले असतील, असं. कणीक हातावर वाळायला लागली तरी मी बघतच राहिले.

बाबांचा कारखाना म्हणजे खाडीकाठच्या आमच्या घराला लागून काढलेली पत्र्याची पडवी. एरवी तिथं भाताची पोती आणि पंक्चर झालेल्या सायकली असतात, उन्हाळा तापला की शाडूची पोती येतात. गावात बाबांना धर्मा गणपतीवाला म्हणतात. साच्यातला माल त्यांनी कधी केला नाही, हाताने जमतील तेवढ्याच मूर्ती, आणि त्या सगळ्यांचे डोळे माझे. शाळेत होते तेव्हापासून. आमच्याकडे त्याला आखणी म्हणतात आणि ती सगळ्यात शेवटी होते. पंखा बंद करायचा, बोलायचं नाही, एक बारीक ब्रश, आणि श्वास सोडून झाल्यावरची जी रिकामी जागा असते तेवढ्यात पापणीची रेघ ओढून घ्यायची. नंतर मूर्तीपुढे आरसा धरायचा आणि आरशातून तपासायचं, कारण सरळ बघताना आपला डोळा आपल्याच चुकीला सांभाळून घेतो, आरशात ती चटकन दिसते. पुढे मी चित्रकलेचं रीतसर शिक्षण घेतलं, पोर्ट्रेटला बक्षीसही मिळवलं, पण हातात खरं काही असेल तर ते त्या पडवीतलं. आणि पडवीचा एक नियम आहे, डोळे उघडले की पुसायचे नाहीत. बाबांचं म्हणणं, तोवर ती माती असते, थोपटा, खरवडा, कान तोडून नवा लावा. डोळे काढले की ती तुमच्याकडे बघायला लागते, आणि जो आपल्याकडे बघतो त्याचे डोळे पुसून टाकायचे नसतात. चुकलंच, तर मूर्ती अख्खीच्या अख्खी पाण्याच्या टबात ठेवायची आणि तिची परत माती होऊ द्यायची. मी लहान असताना एकदा मांजराच्या शेपटीने ओला डोळा फरफटला होता. त्या मूर्तीला टबात बसवताना बाबांनी तिच्यावर आपला टॉवेल घातला होता, जणू तिला थंडी वाजेल.

हात धुऊन मी बाबांना फोन लावला. कल्पेशचं सातिवलीला प्लॅस्टिकची झाकणं बनवायचं छोटं युनिट आहे, तिथं तो दरवर्षी गणपती बसवतो, कामगार, शेजारच्या गाळ्यांतले लोक, सगळे जमतात. मूर्ती आमचीच असते.

"आला व्हता," बाबा म्हणाले. "फोटो काडून गेला."

"तुम्हाला काय वाटतं?"

पलीकडे पत्र्यावर कावळे ओरडत होते. बाबा म्हणाले, "डोले खाली गेलेत, तेजू. कल्पेशच्याच नाय. यंदा तू काडलेले सगल्यांचेच."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? पोरीला सांगू का, आये गेली म्हनून डोले खाली जातान?" ते खाकरले. "रायले ते डोले आता मी काडतो. तू रंगाचं बघ."

"बाबा, तुमचा हात हलतो."

"हलूंदे. बाप्पा वर तरी बघल."

फोन ठेवला आणि कुकर बंद करायचं विसरले. त्या दिवशी आम्ही डाळीचं पीठ म्हणावं असं वरण खाल्लं. हरेशने, माझ्या नवऱ्याने, ताटातलं बोटाने ओढून बघितलं आणि 'याचा गणपती होईल' म्हणाला.

आई गेली ती थंडीत, माझ्या पोटात निधी असताना. साधा ताप म्हणता म्हणता गेली. मी पोट सांभाळत रिक्षातून पोचले तेव्हा ओटीवर बायका बसल्या होत्या, आणि मला बघताच त्यांनी आपापलं रडं आवरलं. 'तू रडू नको गो, पोटातल्याला लागतं.' प्रत्येकीने तेच सांगितलं. कुणी पाणी दिलं, कुणी पाठीमागे उशी सरकवली, आणि मी त्या उशीला टेकून, एखाद्या लग्नात बसावं तशी, कोरड्या डोळ्यांनी बसून राहिले. नंतर निधी झाली आणि मग रडायला वेळच राहिला नाही. आमच्या गावात पूर्वी मिठागरं होती. भरतीचं पाणी आत घेऊन बांध घालत, ते नुसतं उभं राही, वाऱ्याने हलतसुद्धा नसे, आणि उन्हात आटून गेलं की तळाशी पांढरं उरे. कल्पेशच्या फोटोतलं ते बुबुळावरचं रिकामं पांढरं बघून मला बांध घातलेलं ते पाणी आठवलं. म्हणजे माझं रडं गेलं नव्हतं कुठं. ब्रशातून उतरत होतं, लोकांच्या देवांमध्ये, जे वर्षभर वाट बघून, गुलाल उधळून, नाचत घरी न्यायचे त्यांच्यात.

आणि ते डोळे माझेही नव्हते. ते आईचे होते, हे मला फोटो मोठा झाला त्याच क्षणी कळलं होतं, फक्त शब्दात यायला संध्याकाळ झाली. माझ्या आईचं नाव जिजा. जिजाचे डोळे कायम खाली. कोलंबी सोलताना, तांदूळ निवडताना, बाबांच्या शेजारी बसून शाडूतले खडे वेचताना, मला न्हाऊ घालताना. लग्नाच्या फोटोतसुद्धा ती स्वतःच्या पायांच्या अंगठ्यांकडे बघते आहे, आणि शेजारी बाबा छाती काढून उभे आहेत, जणू त्यांनी तिला रडवूनच आणलंय. आत्या तिला 'रडकी वहिनी' म्हणायच्या, तोंडावर, मायेनेच. शाळेच्या बक्षीस समारंभाला ती आली होती तेव्हा बाईंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, 'घरी सगळं ठीक आहे ना?' मला इतकी लाज वाटली होती. घरी आल्यावर मी तिला म्हटलं, 'आई, लोकांसमोर जरा हसत जा ना.' ती चुलीपुढे होती. तिने खरंच आश्चर्याने विचारलं, 'म्हंजे? मी हसतंय तं.' मी चिडून निघून गेले. आता ती नाही, आणि मला एकच गोष्ट विचारायची राहून गेली, तू दुःखी होतीस का ग. एक बाई चाळीस वर्षं खाली बघत राहते, तर ती काय बघत असते. तिचं आयुष्य असं गेलं का की वर बघावंसं तिला वाटलंच नाही, आणि आम्ही तिच्याकडून ताटं वाढून घेत तिच्या आसपास वावरलो, आणि कुणालाच ते विचारायचं सुचलं नाही. हा प्रश्न माझ्या अंगात वस्तीला होता. भांडी घासताना असायचा, निधीचे कपडे वाळत घालताना असायचा. बाळ हसलं की मी हसायचे, आणि हसता हसता वाटायचं, आईसुद्धा असंच हसली असेल का मला बघून, की तेव्हाही खालीच.

बाबांकडून उरलेल्या शाडूचा गोळा ओल्या फडक्यात बांधून आणला होता. रंगाचं बघ म्हटल्यावर हाताला काही तरी हवं होतं. निधी दुपारी झोपते तेव्हा मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर त्या मातीच्या पुऱ्यांहून थोड्या मोठ्या, जाड चकत्या थापायला लागले. ओल्या असतानाच वरच्या कडेला पेन्सिलीने भोक पाडायचं, खिडकीत वाळू द्यायच्या, आणि प्रत्येक चकतीवर एक डोळ्यांची जोडी. चेहरा नाही, नाक नाही. सुरुवातीला वाटलं, दुःख बाहेर काढायचं तर मुद्दामच काढू, देवांवर कशाला सांडायचं. म्हणून आठवतील ते दुःखी डोळे काढत गेले. आई गेली त्या दिवशीचे बाबांचे. कंपनीने कामावरून काढलं तेव्हाचे हरेशचे. वासरू गेल्यावर रात्रभर हंबरलेल्या आमच्या म्हशीचे. सोनोग्राफीच्या बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या आणि आतून, पोटातलं राहिलं नाही हे ऐकून, एकटी बाहेर आलेल्या त्या मुलीचे. आणि काढता काढता मी दुःख विसरून डोळ्यांतच गुंतत गेले. दुःख डोळ्यात एका जागी बसत नाही हे मला शिकवलेलं नव्हतं कुणी. बाबांचं ते बाहेरच्या कोपऱ्यात होतं, सुरकुतीत दुमडून ठेवल्यासारखं. हरेशचं भुवईत, आणि डोळे मात्र तेव्हाही विनोद शोधत होते. म्हशीचं सगळं काळ्यात. त्या मुलीचं तर डोळ्यात नव्हतंच, ती पापणी न लववता समोरच्या तक्त्यावरच्या गुबगुबीत बाळाकडे बघत होती, म्हणून मी फक्त तिची नजर जरा लांब नेली आणि ते झालं. चकत्या वाढत गेल्या. खिडकी भरली, फ्रीजचा माथा भरला. हरेश म्हणाला, "घरात एवढे डोळे झालेत की मला फ्रीज उघडायची चोरी झालीय. रात्रीचं श्रीखंड खायचं असेल तर आता यांना सांगून खावं लागणार."

एक दिवस रिटा आन्टी केळफूल घेऊन वर आली. तिचं माहेर गिरीजचं, तिकडून भावाने काही पाठवलं की अर्धं आमच्याकडे येतंच. निधीच्या गालाला हात लावून तिने तो स्वतःच्या ओठांना लावला आणि मग खिडकीकडे वळली. एकेक चकती चष्मा वर करून बघत गेली, आणि एक उचलून हातातच धरून राहिली.

"हे अँथनीचे कुठं बघितलेस तू?"

तिचे मिस्टर अँथनी अंकल आम्ही पापडीला राहायला येण्याआधीच गेले होते. ती चकती खरं तर गावच्या म्हाताऱ्या शिंप्याची होती, ज्याला शेवटी सुईत दोरा ओवता येईना. मी तिच्यासाठी स्टूल सरकवलं.

"शेवटी शेवटी त्याला मी ओळखू यायची नाही," रिटा आन्टी म्हणाली. "असंच बघायचा. विचारल्यासारखं. ही बाई कोण, भली आहे की काय. मी आत जाऊन रडायचे आणि बाहेर येऊन त्याला पेज भरवायचे. घेऊन जाऊ ही?"

ती घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटली तेव्हा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. "काल भांडले मी त्याच्याशी," म्हणाली. "चांगली भांडले. तेव्हा आजारी माणूस म्हणून बोलता नव्हतं आलं ना. आता सगळं सांगितलं." आणि वर पुन्हा, "बिचारा ऐकून घेत होता."

मला हसू आलं आणि दिवसभर ते पुरलं. पण आईची चकती होईना. मी ती पुनःपुन्हा थापली. पापणी यायची, रेघ यायची, बुबुळ ठेवायची वेळ आली की हात थांबायचा. बुबुळ कुठं ठेवायचं हे डोळे कशाकडे बघतायत त्यावर ठरतं, आणि आई कशाकडे बघायची हे मला माहीत नव्हतं. तिकडे कल्पेशचा मूर्ती न्यायचा दिवस जवळ येत होता. बाबांचं मला विचारून झालं होतं, मूर्ती टबात ठेवू का, नवी करायला वेळ नाही, त्याला दुसरीकडून आणू दे. मी म्हटलं, थांबा.

मग तो रविवार आला. पाऊस उघडला होता आणि जमिनीवर खिडकीचं ऊन पडलं होतं. मी भिंतीला टेकून निधीला पाजत बसले होते. हरेश बाजारातून पिशवी घेऊन आला, दारातच थबकला आणि त्याने मोबाईल काढून आमचा फोटो घेतला. मग पिशवी हळूच खाली ठेवून, आवाज न करता जवळ आला आणि उकिडवा बसला. म्हणाला, "काय झालं ग? परत आईची आठवण?"

"काय?"

"रडतेस का?"

"छे. शिट्ट्या ऐकतेय कुकरच्या. बटाटे फुटतील आता. दोन झाल्या की तीन?"

"मला काय माहीत, मी आत्ता आलो."

"मग बंद कर जा ना."

तो गेला, गॅस बंद केला, आणि आतून म्हणाला, "फोटोत तर अगदी कुणी गेल्यासारखी दिसतेयस. बघ हवं तर." परत येऊन त्याने मोबाईल माझ्या डोळ्यांसमोर धरला.

आई बसली होती. माझ्या घरात, माझ्या खिडकीखाली, माझा निळा गाऊन घालून जिजा बसली होती. वरची पापणी अर्ध्यावर, बुबुळ खालच्या पापणीला टेकलेलं, त्यावर तेच रिकामं पांढरं. कुणीही म्हणालं असतं, रडकी बाई. बाईंनी बाजूला घेऊन विचारलं असतं, घरी सगळं ठीक आहे ना. आणि मी, म्हणजे ती फोटोतली बाई, त्या क्षणी आतून काय होते ते मला, जगात फक्त मलाच, पुरतं ठाऊक होतं. मी निधीच्या कानामागची लव बघत होते. तिथं तेलाचा वास साठतो, तो माझ्यापर्यंत येत होता. दूध सुटल्याची ती पाठीपर्यंत जाणारी सुस्ती होती. बटाट्याची चिंता होती. तिची मूठ माझ्या बोटाभोवती उघडमीट करत होती आणि मी मनात म्हणत होते, नखं कापायला हवीत. बस, एवढंच. त्याहून जास्त सुख त्या घडीला माझ्यात मावलं नसतं. आणि ते बाहेरून असं दिसत होतं.

मी निधीला तशीच उचलून आरशासमोर गेले. आरशात बघून ते डोळे पुन्हा सापडतात का बघायचं होतं. अर्थात सापडले नाहीत. आरशात बघायला डोळे वर करावे लागतात. खाली गेलेले आपले डोळे आपल्याला कधीच दिसत नाहीत, चुका पकडणाऱ्या आरशातही नाही. ते लांबून बघणाऱ्याला दिसतात आणि त्याला ते रडके वाटतात. किंवा मांडीवर असलेल्याला दिसतात. मी खाली बघितलं. निधी माझ्याकडे बघत होती, खालून वर, तोंडाच्या कडेला दुधाचा ओघळ, आणि तिला काही गैर दिसलं नव्हतं. तेव्हा कुठून तरी एक गोष्ट आली, आठवण म्हणू की तिथल्या तिथं मी केली म्हणू, सांगता येत नाही. पडवी. शाडूचा गार वास. माझं डोकं मऊ जागेवर, वर आईच्या नाकातली चमकी, आणि त्याच्या वर दोन डोळे, पूर्ण उघडे, काळेभोर, मला भरून पुरतील एवढे. खालून बघितलं की त्या डोळ्यांत पांढरं नव्हतंच. 'मी हसतंय तं.' खरंच हसत होती ती. आम्ही सगळे चुकीच्या जागी उभे होतो.

आणि मग कल्पेशच्या बाप्पाचंही उमजलं. निधी या मोसमात एकाच अटीवर गप्प राहायची, मांडीवर. म्हणून मी पाटावर बसून, तिला पदराखाली घेऊन आखणी केली होती, मूर्ती समोरच्या उंच घडवंचीवर. एक रेघ वर, एक नजर खाली. रेघ वर, नजर खाली. हाताने तेच काढलं जे मी करत होते. मला आईचं दुःख नव्हतं असं मी म्हणणार नाही, ते आहे, आजही सकाळी डाळ धुताना असतं. पण ते त्या डोळ्यांत नव्हतं. मी उगाचच त्या डोळ्यांवर त्याचा आळ घेतला होता.

दुसऱ्या दिवशी निधीला घेऊन रिक्षाने गावी गेले. बाबांनी टब भरून ठेवला होता आणि मूर्तीवर टॉवेल घातला होता. कल्पेश आला, सोबत त्याची आई धोंडूबाई, गुडघे धरत, पोराला आणि गुडघ्यांना एकाच दमात शिव्या घालत. कल्पेश अवघडला होता.

"ताई, तुमच्या कामाला नाव नाही ठेवत मी. पण कामगार म्हणतील ना, शेठ, बाप्पा नाराज आहे. आधीच ऑर्डर कमी."

"तू उभा राहून बघतोयस," मी म्हटलं. "फोटोपण मूर्ती खाली ठेवून वरून काढलास."

"मग कसा काढू?"

"काढू नकोस. बस."

"इथं? पॅन्ट नवी आहे."

"मी बसतंय," धोंडूबाई म्हणाली. "माझे पाय ऱ्हायलेत कुठं." तिने माझा पाट ओढला, हूं म्हणत त्यावर बसली, आणि मी घडवंचीवरच्या मूर्तीवरचा टॉवेल काढला. बाबांनी न सांगता पंखा बंद केला.

धोंडूबाईने पदराने तोंड पुसलं. वर बघितलं. "आगं बाय," म्हणाली. "यो तं माझ्याकरं बघतं." थोडी डावीकडे सरकली, परत उजवीकडे. "नाय पन, माझ्याकरंच." आणि मग एकदम, घरातल्या पोराशी बोलावं तसं, "काय रं? जेवलास का?"

कल्पेश हसला, नवी पॅन्ट वर ओढून आईशेजारी उकिडवा बसला आणि वर बघायला लागला. मोबाईल त्याच्या हातात होता, पण त्याने तो उचलला नाही.

"उंच बसवा," मी म्हटलं. "तुमच्या छातीच्या वर आसन. आणि लोकांना खाली सतरंजी."

"आरती बसून कोण करतं ताई?"

"आरती उभ्याने करा. नंतर बसा जरा बाप्पासमोर. तुमच्याकडे कुणी बसतं का कधी?"

"मशीन चालू असते ना," तो म्हणाला, आणि वर बघतच म्हणाला, "पंख्याला मुकुट लागणार नाही एवढं बघायला लागेल." म्हणजे मूर्ती घेतली त्याने.

ते गेल्यावर बाबा टबाशी गेले, पाण्याकडे बघत उभे राहिले, आणि मग त्या पाण्यात त्यांनी स्वतःचे पाय धुतले, एक झाल्यावर एक, सावकाश. पुढची मूर्ती त्यांनी घडवंचीवर आणून ठेवली, कोऱ्या डोळ्यांची. ब्रश माझ्या हातात दिला.

"वर बघणारे काढू?" मी विचारलं.

"मना काय इचारतं? तुझे डोले, तुझा हात." मग जाता जाता म्हणाले, "पोरीला मांडीवर घे आधी. नुसती बसून करू नको." दारात थांबले. पाठमोरेच. "तुझी आये पन अशीच करायची समदी कामं. तुला मांडीवर घेऊन. मना वाटं, काय एवढं बघतं खाली. माझ्याकरं तं बघतच नाय." आणि नाक शिंकरत विहिरीकडे गेले. म्हणजे त्यांनाही चाळीस वर्षं तोच प्रश्न होता, आणि थोडा हेवाही.

आईची चकती मी घरी येऊन केली. थापून कोरडी झालेली होतीच. वेळ लागला नाही. बुबुळ कुठं ठेवायचं ते आता माहीत होतं. काही चकत्या लोक घेऊन गेले, उरलेल्यांचा मी भिजवून परत गोळा केला, बाबांचे डोळे आणि म्हशीचे एकाच बादलीत विरघळले, आणि निधीने त्या चिखलात हात बुडवून तो स्वतःच्या पोटाला फासला. आईची तेवढी ठेवली. रिटा आन्टीकडून भिंतीत खिळा मारायची परवानगी काढली. "एकच हां," म्हणाली, "आणि प्लॅस्टर पडलं तर तुझ्या आईला सांगेन."

मी खिडकीखाली माझ्या जागी बसले, निधीला घेतलं. हरेश स्टुलावर चढला, एका हातात हातोडी, दुसऱ्या हाताने चकती भिंतीला धरलेली.

"इथं?"

"वर."

"इथं बरी दिसते की. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल."

"येणाऱ्याजाणाऱ्यासाठी नाहीये ती. वर घे. अजून. थोडी माझ्याकडे झुकव."

"छताला लावू का?" तो कुरकुरला, पण घेतली वर. मी मांडीवर बघितलं, मग भिंतीवर, मग परत मांडीवर. अजून जरा. तेवढ्यात निधीने पिणं सोडलं. मान मागे टाकून तिने वर बघितलं, भिंतीवरच्या त्या मातीकडे, भुवया उंचावून, ओळखीचं कुणी आलंय का ते बघावं तशी. बघितलं, आणि समाधान झाल्यासारखी परत प्यायला लागली.

"ठोक," मी म्हटलं.